माधव रावांच्या पेशी

मे महिना लागला की कामाला बसण्यापूर्वी माझा हात पंख्याच्या बटणाकडे जातो आणि मी पंखा बंद करते. आता त्याची काही गरज उरलेली नाही. पुण्यातल्या ज्या लॅबमध्ये मी हल्ली गुणसूत्रं वाचते, तिथे ती संगणकाच्या पडद्यावर सरकवायची असतात. पडद्यावरचं काही वाऱ्याने उडत नाही. शेजारी बसणारी मुलगी उठते, पंखा पुन्हा लावते आणि माझ्याकडे दयेने बघते. तिच्या मते हे वयामुळे होतं. माझ्या मते चेन्नईमुळे.

चेन्नईत मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून तीनेक आठवडे ‘कत्तिरी’ असते. उन्हाळा तिथे वर्षभर असतोच, हा त्यातला राजेशाही भाग. वर्तमानपत्रं ती कधी सुरू होणार, कधी संपणार हे आधी छापतात, एखाद्या मंत्र्याचा दौरा छापावा तसं. उन्हाचा असा अधिकृत दौरा जाहीर करणारं दुसरं गाव मी पाहिलेलं नाही. त्या दिवसांत शहाणी माणसं गृहप्रवेश करत नाहीत, विहिरी खणत नाहीत, दुपारी घराबाहेर पडत नाहीत. आम्ही कात्रीने गुणसूत्रं कापत होतो.

दोन हजार आठ सालची गोष्ट. परदेशी लॅबमध्ये तेव्हा हे काम संगणक करत होते. आमच्या संस्थेचा संगणक संचालकांच्या खोलीत, झाकण घालून ठेवलेला असे. म्हणून आम्ही सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीचा फोटो छापायचो, त्यातली शेहेचाळीसच्या आसपासची काळी-पांढरी अळीसारखी गुणसूत्रं एकेक कापायचो आणि जोड्या लावून पुठ्ठ्यावर चिकटवायचो. सगळ्यात लहान गुणसूत्र तांदळाच्या कणीएवढं. पंखा चालू ठेवला तर माणसाचा अर्धा वंश टेबलाखाली जाई. त्यामुळे एक्केचाळीस डिग्रीत पंखा बंद, खिडकी बंद, आणि श्वास बेताने.

कात्री सेल्वीची. सेल्वी आमची टेक्निशियन. सहा वर्षं हेच काम करत होती आणि संस्थेची कात्री बोथट म्हणून घरून शिवणकामाची आणत असे. तिचा हात इतका सफाईदार की मी दोन पेशी कापेपर्यंत तिच्या सात होत. मी पीएच.डी., ती बी.एस्सी. हा फरक तिने मला कधी विसरू दिला नाही. “मॅडम, तुम्ही विचार करा,” ती म्हणायची, “कापायचं मी बघते.”

मी तिथे पोस्टडॉक होते. ही जमात ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पोस्टडॉक म्हणजे रेशनकार्डावर नाव नसलेलं घरातलं माणूस. शिक्षण संपलेलं असतं, नोकरी लागलेली नसते. आई फोनवर विचारायची, “परीक्षा कधी आहे?” परीक्षा संपल्या, आई. “मग पर्मनंट झालीस?” नाही. “मग तिथे तू आहेस कोण?” या प्रश्नाचं उत्तर संस्थेलाही देता आलं नसतं. उपस्थितीच्या वहीत माझं नाव पाहुण्यांच्या पानावर होतं. चार वर्षं.

आमचं काम रक्ताच्या कर्करोगावर. हा रोग शरीरात आवरता आवरत नाही, आणि त्याच पेशी बाहेर काढून काचेच्या भांड्यात ठेवल्या, त्यांना गुलाबी रंगाचं महागडं अन्नद्रव पाजलं, उबेत ठेवलं, तरी आठवड्या-दोन आठवड्यांत मान टाकतात. माणूस मारताना दाखवलेला उत्साह तिथे दाखवत नाहीत. शेकड्यातून एखाद्या रुग्णाच्या पेशी तगतात, वाढतच राहतात. मग त्यांना ‘लाइन’ म्हणतात. ती जगभर वाटता येते, ज्याने काढली त्याचं नाव तिच्याबरोबर फिरतं. आमच्या प्रमुखांना अशी एक लाइन वीस वर्षं हवी होती. त्यांना सगळे ‘सार’ म्हणत, मीही म्हणे. सार उंच, गोरे, कपाळावर बारीक रेघ, आणि बोलताना स्वतःचं वाक्य ऐकायला मध्येच थांबण्याची सवय. त्यांच्या खोलीत सत्काराच्या शालींसाठी वेगळं कपाट होतं.

माधव राव आम्हाला दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये भेटले. चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावी सरकारी कारखान्यात फोरमन, वय एकोणपन्नास. सारना नावापुढे ‘राव’ दिसलं आणि तिकडे मुलीबाळींना म्हणतात तसं ‘मा’ म्हणत ते मला म्हणाले, “तुझी माणसं आहेत, मा. संमतीपत्राचं तू बघ.”

माझी माणसं म्हणजे तंजावरकडची मराठी कुटुंबं. किती पिढ्यांपूर्वी खाली आली ते त्यांनाही सांगता येत नसे. खाटेशेजारी त्यांची बायको बसली होती, पद्मिनीबाई. मी बोलायला लागले तशी तिने हात वर केला. “सावकाश बोला. तुमचें मराठी फार पळतें.” तिचं स्वतःचं मराठी जुन्या दस्तऐवजासारखं होतं आणि ते ती तामिळ चालीवर म्हणत होती. मी सावकाश सांगितलं. हाडातल्या मगजाचा थोडा नमुना जास्तीचा घेऊ, पेशी वाढतात का बघू, उपचाराला त्याचा उपयोग नाही. फॉर्मवर होतं ते इतकंच. पुढचं मी पदरचं घातलं. समोर बसलेल्या बाईचा चेहरा पाहून मला काहीतरी द्यावंसं वाटलं. म्हणाले, “जगल्या तर पुष्कळ वर्षं राहतील इथे.”

माधव राव डोळे मिटून पडले होते. ते हसले. “मी गेलों कीं सरकार क्वार्टर सोडवील. तुम्ही ह्यांस क्वार्टर देतां. बरें आहे.” आणि सही केली.

ऑक्टोबरमध्ये ते गेले. महिनाभराने पद्मिनीबाई लोकल पकडून, पुढे बस बदलून संस्थेत आली. हातात डबा. मला म्हणाली, “बरे आहेत कीं?” मला आधी कळलं नाही कोण. मग कळलं, आणि मी तिला आत नेऊन काचेतून फ्लास्क दाखवला. ही माझी दुसरी चूक. मग ती दर महिन्याला येऊ लागली. बाकावर बसायची, दहा मिनिटं काचेकडे बघायची, डबा मला द्यायची. ती वेडी नव्हती. नवरा मेला हे तिला पुरतं ठाऊक होतं, दिवसपाणी रीतसर झालं होतं. पण तो सगळाच गेलेला नाही, थोडा इथे आहे आणि त्याची देखभाल एक मराठी बोलणारी बाई करते, या आधारावर ती आवडीत एकटी राहत होती. तो आधार मी दिला होता, तोही फॉर्मच्या बाहेर जाऊन.

पेशी सहा-सात महिने कशाबशा तग धरून होत्या. वाढ नाही, मरण नाही, आमच्यासारख्याच. आणि मग मार्चमध्ये एकदम उधाण आलं. दर दोन दिवसांनी फ्लास्क गच्च. सारनी सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला. लाइनला स्वतःची आद्याक्षरं दिली आणि पुढे ‘एक’ हा आकडा घातला, म्हणजे आणखी येणार आहेत असं वाटावं. माधव रावांचं नाव त्यात कुठे नव्हतं. ते नियमानुसारच होतं. रुग्णाचं नाव गुप्त ठेवायचं असतं. सारचं ठेवायचं नसतं.

नंतरच्या वर्षीच्या कत्तिरीत आम्ही जे कापत होतो ती हीच लाइन. निबंध छापायचा तर गुणसूत्रांचा तक्ता लागतो. पहिल्या पेशीचे तुकडे लावून झाल्यावर सेल्वी म्हणाली, “वाय नाही.”

वाय हे पुरुषाचं गुणसूत्र, लहानसं. “खाली पडलं असेल,” मी म्हणाले. दोघी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शोधायला लागलो. झाडू घेतला. एक उडालेलं एकविसावं सापडलं, एक माझ्या कानातल्या रिंगची फिरकी सापडली. मग सुचलं की न कापलेल्या फोटोत मोजावं. फोटोतही नव्हतं. दुसऱ्या पेशीत नाही. दहाव्या पेशीत नाही. शिवाय तीन वाकडीतिकडी, इकडून-तिकडून जोडलेली गुणसूत्रं प्रत्येक फोटोत होती. सेल्वीने त्यातलं एक चिमट्याने उचलून उजेडात धरलं. “हे मी ओळखते, मॅडम. सहा वर्षं कापतेय. हे आपल्या म्हातारीचं नाक आहे.”

म्हातारी म्हणजे आमची जुनी लाइन. परदेशातल्या कुणा बाईच्या पेशी. ती बाई माझ्या जन्माआधी वारली. तिच्या पेशी जगातल्या प्रत्येक लॅबमध्ये असतात आणि जलपर्णीसारख्या वाढतात. तिचा एक थेंब दुसऱ्या फ्लास्कमध्ये पडला की महिन्या-दोन महिन्यांत तिथलं मूळचं कुणी शिल्लक राहत नाही. म्हणून आमच्यात कडक नियम: प्रत्येक लाइनची अन्नद्रवाची बाटली वेगळी, आणि दोन लाइनी एका वेळी उघडायच्या नाहीत. सोवळ्याओवळ्याला हसणाऱ्या माझ्यासारख्या बायका हा नियम निमूट पाळतात.

मी वह्या काढल्या. मागे जात जात दोन हजार सातच्या जानेवारीत पोचले. पोंगलच्या सुट्टीआधीचा शनिवार. सगळे गावी गेलेले, सगळ्यांचे फ्लास्क माझ्याकडे, आणि वीज दोनदा गेली होती. अक्षर माझं. ‘दोन्ही लाइनींचं अन्नद्रव बदललं.’ खाली उघडलेल्या बाटल्यांचे क्रमांक लिहायची रीत आहे. क्रमांक एकच होता.

त्या पानाकडे मी किती वेळ बघत होते ते सांगता येणार नाही. घाम टपकून शाई फुटली तेव्हा वही मिटली.

सारना सांगितलं. वहीचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणजे बोटांची टोकं जुळवून माझ्या बोलण्याच्या शेवटाची वाट पाहिली.

“पंखा, मा,” ते म्हणाले. “पंखा चालू राहिला असेल.”

“सार, चाळीस पेशी मोजल्या. चाळीसही वेळा पंख्याने वायच उडवला?”

“वयस्क पुरुषांच्या पेशींतून वाय गळतो. पुस्तकात आहे.”

“आणि म्हातारीची तीन गुणसूत्रं? ती पंख्याने आणली?”

ते थांबले. स्वतःचं पुढचं वाक्य ऐकायची तयारी करत होते. “तू थकली आहेस. कार्यक्रम होऊ दे. मग आपण शांतपणे बघू.”

कार्यक्रम म्हणजे पेशी-संग्रहाचं उद्घाटन. मुहूर्त त्यांनी मुद्दाम काढून घेतला होता. कत्तिरी वर्ज्य, पण त्या वर्षी अक्षय्यतृतीया कत्तिरीतच आली. तिच्यापुढे कत्तिरीचं काही चालत नाही, असं त्यांच्या ज्योतिष्याचं मत. अक्षय पेशींसाठी अक्षय दिवस. राहुकाळ टाळून सकाळी साडेदहा. चाळीस पेशींचा पुरावा त्यांना पुरत नव्हता, पंचांगाची एक ओळ पुरली.

दुसऱ्या शहरातल्या मैत्रिणीकडे मी डीएनए तपासायला पाठवला होता. उत्तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आलं. सोळा खुणा तपासल्या, सोळाही म्हातारीच्या. तो कागद मी सारच्या टेबलावर ठेवला. त्यांनी त्यावर पेपरवेट ठेवला.

अक्षय्यतृतीयेला टी. नगरमध्ये सोन्याच्या दुकानांपुढे पहाटेपासून रांगा असतात. त्या रांगांमुळे माझी बस अर्धा तास अडकली. मी पोचले तेव्हा कुणी कुलगुरू बोलत होते. त्या उकाड्यात मंचावर सात माणसं जरीच्या शाली पांघरून बसली होती. वितळणाऱ्या मेणबत्त्यांसारखी. काढायची सोय नाही, कारण फोटो व्हायचे होते. सार म्हणाले, विज्ञानाने मृत्यूला उत्तर दिलं आहे. टाळ्या. मग पद्मिनीबाईचं नाव पुकारलं. मरण पावलेल्या रुग्णाची पत्नी, या संग्रहाची माता, असं काहीतरी. गोपनीयता त्या दिवसापुरती उठवली होती. तिला शाल घातली आणि सूक्ष्मदर्शकापाशी आणलं. भाषांतराला मी.

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली. “किती आहेत हो!” म्हणाली. मग मान वर न करता, फक्त मला ऐकू येईल असं, “हें सर्व तेच?”

मी “हं” म्हणाले.

खोटं बोलण्याला निदान शब्द तरी लागतात. मी तेवढेही खर्च केले नाहीत.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखंच आहे. कार्यक्रम होऊ दे म्हणणारे सार नंतर निबंध होऊ दे म्हणाले. निबंध झाला. माझं नाव नको असं मी लिहून दिलं, ते मात्र त्यांनी तत्परतेने मान्य केलं. जूनमध्ये माझी मुदत संपली आणि वाढली नाही. मी त्या नियतकालिकाला पत्र लिहिलं, सोळा खुणांच्या कागदासकट. आभाराचं उत्तर आलं. ती लाइन आजही यादीत आहे. भारतीय पुरुषाच्या पेशी म्हणून लोक ती मागवतात, तिच्यावर औषधं तपासतात, निष्कर्ष काढतात. कधीकधी तसा निबंध माझ्यासमोर येतो. मी तळटीप वाचते आणि पान उलटते. मला राग येत नाही असं म्हणायला आवडलं असतं. येतो. त्यातला किती सारवर, किती त्या शनिवारच्या माझ्या हातावर, हे वेगळं काढता येत नाही. ते दोन्ही एकाच बाटलीतून आले आहेत.

पण हे सगळं नंतरचं. कार्यक्रमानंतरच्या रविवारी दुपारी मी आवडीला गेले. लोकलच्या खिडकीतून भाजकी हवा येत होती. डब्यात मी आणि फणस घेतलेला एक म्हातारा. क्वार्टर केव्हाच सुटलं होतं. कारखान्याच्या भिंतीपलीकडे पद्मिनीबाईने दोन खोल्या घेतल्या होत्या. खुर्चीवर ती शाल घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली. मला आनंदाने बसवलं, ताक दिलं. “एवढ्या उन्हांत कां आलां, डाक्टरबाई?”

मी ताक संपवलं आणि सांगितलं. सावकाश, मराठीला पळू न देता.

“काकू, त्या पेशी माधव रावांच्या नाहीत.”

 “मग कोणाच्या?”

“एका बाईच्या. परदेशातल्या. फार वर्षांपूर्वी गेली ती.”

“तिच्या घरचे येतात पाहायास?”

“नाही. त्यांना बहुतेक ठाऊकही नसेल.”

“पावम्,” ती म्हणाली. बिचारी. त्या अनोळखी बाईबद्दल. मग पदर नीट केला. “आणि आमचे?”

“थोडे दिवस होते. मग या दुसऱ्या वाढल्या. यांच्या राहिल्या नाहीत.”

“कोणते दिवशीं?”

“तसा एक दिवस नाही सांगता येत, काकू. हळूहळू कमी होत जातात, काही आठवडे...”

“दवाखान्यांत सांगितलें होतें,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “दिवस सांगितला, घटका सांगितली. तुम्ही इतक्या शिकलेल्या, तुम्हांस येत नाहीं?”

“शेवटची कधी गेली ते कुणी पाहिलं नाही. दुसरी कधी आत आली ते ठाऊक आहे.”

“कधीं?”

“गेल्या वर्षी. पोंगलमधल्या बोगीच्या आदल्या दिवशी. शनिवारी.”

“तें कसें ठाऊक?”

“बाटली माझ्या हातात होती.”

ती बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत महिने मोजू लागली, ओठ हलत होते, तामिळ महिने. पंगुनीपाशी, म्हणजे मार्चपाशी, अंगठा थांबला.

“तुम्ही मज फोन केलांत,” ती म्हणाली. “वाढतात म्हणून. फार चांगले वाढतात म्हणून.”

“हो.”

“त्या दिवशीं मी पायसम केलें. आठ घरीं वाटलें.”

माझ्या हातातला पेला घेऊन ती आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. एक पेला विसळायला ओंजळभर पाणी पुरतं, आणि कत्तिरीत आवडीला कुणी नळ वाहता सोडत नाही. तो वाहत राहिला. मी उठून आत जावं की बाहेर पडावं हे मला कळेना, म्हणून मी तिथेच बसून राहिले.